थकून या

"उद्या संध्याकाळी परत या. कामावरून थेट या, मधे कुठे आडव्या होऊ नका," भूल देणारे डॉक्टर म्हणाले, आणि दुकानदाराने सुटे आणायला सांगावेत इतक्या सहज पुढचे दोन शब्द बोलले. "थकून या." ती पर्स उचलून उठलीच होती. ती तशीच, खुर्चीच्या पाठीला हात लावून, उभी राहिली. आजवर तिला लोकांनी वेळेवर या, तयारीने या, एकट्या या, कुणाला तरी सोबत घेऊन या असं सगळं सांगितलं होतं. थकून या असं सांगणारा माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता. आणि तेही आत्ता, जेव्हा तिने त्या यंत्राच्या नळीत अशी काही फुंकर मारली होती की पडद्यावरची रेघ सरळसोट वर चढली होती आणि बाजूच्या नर्सने नकळत मान डोलावली होती. पहिला नंबर आलेल्या मुलीला प्रगतिपुस्तकाऐवजी पुन्हा परीक्षेची तारीख मिळावी तसं तिला झालं. "का? आकडे चांगले नाहीत का?" तिने विचारलं. डॉक्टर हसले. त्यांचा चेहरा लांबट होता, कानामागे पेन्सिल होती, आणि बोलणं इतकं सावकाश की दोन शब्दांच्या मधे माणूस सहज एक चक्कर मारून येईल. "आकडे फारच चांगले आहेत," ते म्हणाले. "पण तुम्ही आल्यापासून हनुवटीखाली हात धरून बसला होता. विचार करताना माणसं असं बसतात हे मला ठाऊक आहे. पण मान पेलत नसली की माणसं कशी बसतात, तेही मला ठाऊक आहे." तिने नुसती मान हलवली आणि बाहेर आली.

लिफ्टमध्ये आरसा होता. त्यात बघताना तिला राग आला, आणि राग कुणाचा हे ठरेना म्हणून तिने तो डॉक्टरांच्या पेन्सिलीवर काढला. मुळात हे सगळं पित्ताशयातल्या खड्यांचं प्रकरण होतं. दोन-तीनदा पोटात अशी कळ आली होती की ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून घामाने निथळली होती, आणि सर्जन म्हणाले होते, अर्ध्या तासाचं काम आहे, सकाळी या, संध्याकाळी घरी जा. सर्जनच्या खोलीतून ती पिसासारखी हलकी होऊन बाहेर पडली होती. पण तिच्या कागदपत्रांवर दुसरा एक शब्दही होता, मायस्थेनिया, आणि तो वाचल्याबरोबर सर्जननी तिला खालच्या मजल्यावर या भूलवाल्या डॉक्टरांकडे धाडलं होतं. दोन वर्षांपूर्वी जेव्हा हा शब्द तिला पहिल्यांदा सांगितला गेला, तेव्हा मेंदूच्या डॉक्टरांनी तो असा समजावला होता: नस निरोप पाठवते, स्नायूच्या दारापर्यंत निरोप पोचतो, पण दार उघडणारा माणूस कमी ऐकतो. पहिल्या काही हाकांना ओ मिळते, मग घर बहिरं होतं. थोडी विश्रांती घेतली की पुन्हा ऐकू येतं. म्हणजे सकाळी ती कुणाहीसारखी असे. दुपारनंतर पापण्या खाली येत, एकाच्या जागी दोन दिवे दिसत, आवाज नाकात जाई, घास गिळताना घशात रेंगाळे. गोळी घेतली की काही तास बरे जात. भूलवाले डॉक्टर म्हणाले होते, "सर्जनचं काम अर्ध्या तासाचं. माझं दोन दिवसांचं. ऑपरेशनला स्नायू सैल करायचं औषध लागतं. इतरांना जेवढं देतात त्याचा चतकोरही तुम्हाला जड जाऊ शकतो. आणि सगळं उतरल्यावर तुमचे श्वासाचे स्नायू कामावर परत येतात की दांडी मारतात, हे तुमच्या बाबतीत मला आधी कळायला हवं." त्यावर ती मोकळेपणाने हसली होती. सकाळच्या वेळी तिला हसता येत असे.

आता यात तिने लबाडी केली होती का? रस्त्यावर येऊन सिग्नलला थांबली तेव्हा तिने हा प्रश्न स्वतःला विचारला आणि लगेच नाही म्हणून टाकलं. परीक्षेआधी प्रश्नपत्रिका पायाशी येऊन पडली असती तरी उचलून परत देणारी ती बाई होती. तिने फक्त एवढंच केलं होतं की सकाळपासून तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. नवऱ्याला चहा हवा का, तर मानेने. पडदे ओढून ती निघायच्या वेळेपर्यंत उताणी पडून राहिली होती. आणि नेहमीची गोळी घेतल्यावर वर आणखी अर्धी घेतली होती. पाहुणे यायच्या आधी लोक घर आवरतात, पसारा कपाटात कोंबतात, तसं तिने शरीर आवरलं होतं. त्यात खोटं काय? आई अशीच होती. आई गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात दिवसभर मशीनवर वाकलेली असे आणि घरी येऊन चुलीपुढे उभी राही, आणि दमले हा शब्द तिच्या तोंडून ऐकल्याचं तिला आठवत नव्हतं. दमणं हे आजारी माणसांचं किंवा श्रीमंतांचं काम, अशी आईची समजूत असावी. एकदा शाळेच्या कार्यक्रमात तिचं भाषण होतं आणि अंग तापाने फणफणलेलं होतं. आईने कपाळावर हात ठेवला, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "अंगात ताप असू दे, आवाजात नको." ती गेली, बोलली, टाळ्या घेतल्या, आणि पडद्यामागे येऊन ओकली. बक्षीस म्हणून मिळालेला कंपास पुढे कित्येक वर्षं ती वापरत होती. तेव्हापासून आवाजात काही दिसू द्यायचं नाही हे तिच्या अंगवळणी पडलं, आणि पुढे तर आवाज हाच धंदा झाला.

कारण ती दुभाषी होती. परिषदांमध्ये सभागृहाच्या मागे, जिन्यावर टांगल्यासारखी काचेची एक खोली असते, तिथे हेडफोन लावून बसायचं, आणि खाली कुणी एका भाषेत बोलतं ते त्याच क्षणी दुसऱ्या भाषेत मायक्रोफोनमध्ये सांगायचं. हे काम एकटीने होत नाही, डोकं तापतं. म्हणून खोलीत दोघं असतात आणि आळीपाळीने बोलतात. तिचा जोडीदार गेली अनेक वर्षं एकच होता. तिला त्याचं नाव घ्यायची सवयच राहिली नव्हती, ती त्याला भिडू म्हणायची. या आजारासाठी याहून सोयीचा धंदा शोधून सापडला नसता. थोडं बोलायचं, थोडं थांबायचं. थांबलं की स्नायू पुन्हा ऐकायला लागायचे. या धंद्यात आणखी एक सोय होती. दिवसभर मी मी म्हणायचं, पण त्यातला एकही मी आपला नसायचा. मंत्री म्हणाला मला आनंद होत आहे, की तीही म्हणायची मला आनंद होत आहे. फक्त एकदाच यातला एक मी तिच्या घशात अडकला होता. भूल देताना काय काळजी घ्यावी या विषयावर डॉक्टरांची परिषद होती आणि त्यात एका रुग्णाला बोलायला उभं केलं होतं. जाडजूड, हसतमुख माणूस. तो म्हणाला, आणि त्याच क्षणी तीही मायक्रोफोनमध्ये म्हणाली, "मला सगळं ऐकू येत होतं. मला सांगायचं होतं की मी जागा आहे. पण मला पापणीसुद्धा उचलता येत नव्हती." तेव्हा ती धडधाकट होती. वाक्य संपलं, तिने भिडूला खूण केली, पाणी प्यायली. पण ते वाक्य तिच्या तोंडातून, तिच्या आवाजात गेलं होतं, आणि ज्या दिवशी मेंदूच्या डॉक्टरांनी तिला पापण्या वर करून छताकडे बघत राहायला सांगितलं आणि त्या आपोआप खाली आल्या, त्या दिवशी ते वाक्य आपल्या घरी परत आल्यासारखं तिच्याकडे आलं. खरं कारण हे होतं. आकडे कमी आले तर ते म्हणणार, अतिदक्षता, मशीन, घशात नळी. आकडे चांगले आले तर ती त्या जाड्या माणसाच्या जागी कधी पडणारच नव्हती, असा तिचा हिशेब होता. हिशेब चुकीचा आहे हे तिला कळत होतं. पण कळणं आणि मानणं यांच्यात तिने नेहमीच बरंच अंतर ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशीची परिषद बंदरांतल्या अजस्र क्रेनबद्दल होती. एका देशातले लोक म्हणत होते की क्रेन गंजतात, दुसऱ्या देशातले म्हणत होते की आमच्या गंजत नाहीत. सकाळचं सत्र तिने चुटकीसरशी काढलं. मग जेवणाची सुट्टी झाली, आणि सवयीने तिचे पाय कोट ठेवायच्या खोलीकडे वळले. तिथे मागच्या बाजूला तीन खुर्च्या जोडून ती रोज सुट्टीभर आडवी व्हायची. डोकं दुखतं अशी तिने सर्वांची समजूत करून दिली होती. आज ती दारापर्यंत गेली आणि थांबली. तीन खुर्च्या तशाच होत्या, आणि उन्हात तापलेल्या माणसाला सावली दिसावी तशा त्या तिला दिसल्या. पर्समध्ये गोळ्यांची डबी होती. नेहमीची एक घ्यायची वेळ झालीच होती, ती तिने घेतली. आणखी अर्धी घेतली तर कोण बघणार होतं? डबी बंद करायला तिला नको इतका वेळ लागला. मग ती परत फिरली आणि जिन्याने वर गेली; लिफ्टने नाही, जिन्याने. आपण हे कुणाच्या तरी नाकावर टिच्चून करतो आहोत असं तिला वाटत होतं, फक्त नाक कुणाचं ते कळत नव्हतं.

दुपारच्या सत्रात ते सुरू झालं. आधी जिभेवर शब्द जड झाले, ओल्या कपड्यासारखे. मग आवाज हळूहळू वरच्या मजल्यावर, नाकात राहायला गेला. क्रेन हा शब्द तिच्या तोंडून असा काही येऊ लागला की खाली पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाने हेडफोन काढून झटकला, पुन्हा लावला, आणि मग मान वळवून काचेकडे बघितलं. तिला वाटलं जमीन दुभंगावी. नेहमी याच्या बऱ्याच आधी ती भिडूला खूण करत असे, आणि तीही अशा बेताने की जणू वक्त्याचा विषय बदलला म्हणून आपण थांबतोय. आज तिने खूण करायला हात उचलला तो टेबलावरून जेमतेम वर आला. पण खूण पुरी व्हायच्या आत भिडू बोलत होता. वाक्य तिने जिथे सोडलं होतं तिथूनच, त्याच सुरात, सांधाही दिसू न देता. तिने डोकं मागे टेकलं आणि त्याच्याकडे बघितलं. दोन भिडू दिसत होते, दोघंही शांत. सत्र संपल्यावर त्याने मायक्रोफोन बंद केला आणि म्हणाला, "आज झोपायला गेली नाहीस?" तिने विचारलं, "तुला माहितीये?" "दोन वर्षं तुझं प्रत्येक वाक्य मी मनातल्या मनात तुझ्याबरोबर बोलतोय," तो म्हणाला. "कधी हातात घ्यावं लागेल सांगता येत नाही ना. दुपटीने दमतो मी, कळलं का? बोलायचं असेल तर बोल, नाहीतर राहू दे. पण ते डोकेदुखीचं आता पुरे कर, फार पुचाट आहे." तिला हसू आलं, म्हणजे आत आलं, बाहेर ते पोचलं नाही. दोन वर्षं आपण जगाच्या डोळ्यात धूळ फेकतोय असं ती समजत होती, आणि जग शेजारच्याच खुर्चीवर बसून धूळ झटकत होतं.

संध्याकाळी ती चालत निघाली. हॉस्पिटल फार लांब नव्हतं. रस्त्यावर प्रत्येक गोष्ट जोडीने येत होती, दोन बस, दोन कुत्री, एकाच आईची दोन बाळं. एक डोळा मिटला की त्यातली एक जोडीदारीण निमूट नाहीशी व्हायची. पाय ठीक होते, पण डोकं मानेवर नुसतं ठेवल्यासारखं वाटत होतं, केव्हाही घरंगळेल असं. आणि ते तसं वाटलं तेव्हा तिला ती उशी आठवली. आठवू नये म्हणून तिने चांगली दीड वर्षं खटपट केली होती. धाकट्या बहिणीचं घर बदलायचं होतं, दिवसभर खोकी उचलून झाली होती, आणि घरी आल्यावर ती कपडेही न बदलता पलंगावर पालथी पडली होती. थोड्या वेळाने कूस बदलावी म्हणून डोकं उचलायला गेली तर डोकं उचललं जाईना. नाक आणि तोंड उशीत, आणि मान जणू दुसऱ्या कुणाची. बाहेरच्या खोलीत नवरा टीव्हीवरची मॅच बघत होता आणि कुणीतरी मूर्खासारखा बाद झाला म्हणून हसत होता. तिने हाक मारली ती उशीत मुरली. शेवटी तिने एक हात कसाबसा पुढे आणला, स्वतःचे केस मुठीत धरले आणि डोकं ओढून बाजूला केलं. मग हवा आली. ती उठली, तोंड धुतलं, बाहेर जाऊन स्कोअर विचारला. दुसऱ्या दिवशी तिने पातळ उशी आणली. मेंदूच्या डॉक्टरांनी प्रत्येक भेटीत विचारलं होतं, काही नवीन? आणि तिने प्रत्येक भेटीत सांगितलं होतं, छे, काही नाही. असली गोष्ट सांगायची कशी? उशीत गुदमरले म्हणून? लहान बाळं गुदमरतात उशीत.

हॉस्पिटलच्या फाटकाशी नवरा उभा होता. तो चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासायचा, आणि त्याच्या बोटांना कायम एक बारीक पांढरी भुकटी लागलेली असे. आज त्याला सोबत घेऊन या असं कुणी म्हटलं नव्हतं. सकाळी तिनेच, जायच्या घाईत, तोंडातल्या तोंडात त्याला बोलावलं होतं, आणि तो लवकर सुटून आला होता. तिला बघून तो म्हणाला, "चला, आज आमच्या बाईसाहेबांना नापास व्हायला नेतोय, असं भाग्य सासूबाईंनाही लाभलं नाही." विनोद तसा बरा होता. तिने हसायचा प्रयत्न केला आणि तिला ठाऊक होतं काय होणार ते. ओठांची टोकं वर जाण्याऐवजी वरचा ओठ नुसता दातांवरून सरकला, चिडलेल्या मांजरासारखा. त्याचा चेहरा पडला. हा पडलेला चेहरा तिने दोन वर्षं रोज संध्याकाळी बघितला होता आणि रोज आपल्या खोलीत निघून गेली होती. "मी हसतेय," ती नाकातून म्हणाली. "हे हसणंच आहे. संध्याकाळी चेहरा चालत नाही माझा." तो तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे तू चिडलेली नसतेस?" "नाही." "रोज संध्याकाळी?" "कधीतरी असते. रोज नाही." मग तो बोटांवरची भुकटी पँटला पुसत म्हणाला, "मी विनोद करणं सोडलं होतं गं. मला वाटलं तुला आता माझा कंटाळा येतो." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पापण्यांना ते अडवता आलं नाही. "फार चांगले नव्हतेच ते," ती म्हणाली. "पण म्हणून हसले नाही असं नाही." त्याने तिचा दंड धरला, आणि तिने, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच, आपला भार त्याच्यावर खरोखर टाकला.

तपासणीला फार वेळ लागला नाही. डॉक्टरांनी तिला दोन्ही हात समोर धरून ठेवायला सांगितले; ते बुडणाऱ्या नावेसारखे खाली गेले. छताकडे बघायला सांगितलं. छत थोडा वेळ दिसलं आणि मग पापणीची आतली बाजू. मग ते म्हणाले, "एक मोठा श्वास घ्या, आणि त्या एका श्वासात जमेल तेवढे आकडे मोजा." ती मोजायला लागली. पहिले काही आकडे माणसासारखे आले, पुढचे नाकातून आले, आणि विशीच्या अलीकडेच आवाज विझला. काल सकाळी ती चाळिशी ओलांडून गेली होती आणि आणखी मोजू का असं खुणेने विचारलं होतं. नवरा दाराशी उभा होता. तिला शाळेच्या पडद्यामागचा तो ओकारीचा वास आठवला, आणि एकाएकी तिला कळलं की आपल्याला या क्षणाची लाज वाटायला हवी होती आणि ती वाटत नाहीये. वाटतंय ते काहीतरी ओझं खाली ठेवल्यासारखं. "काल मी अर्धी गोळी जास्त घेतली होती," ती म्हणाली. "आणि सकाळभर झोपून होते. आणि दीड वर्षापूर्वी एकदा..." उशीचं सांगायला तिला मधेमधे थांबावं लागत होतं, श्वासासाठी. डॉक्टरांनी घाई केली नाही, पेन्सिल हातात धरून ते नुसते ऐकत राहिले. नवऱ्याने मागे कुठेतरी खुर्चीत अंग टाकल्याचा आवाज आला.

"छान," डॉक्टर म्हणाले. "आता मला कळलं मी कुणाला भूल देणार आहे. कालच्या बाईंच्या आकड्यांवर विसंबून राहिलो असतो तर? त्यांना परवा भूल दिली असती, ऑपरेशन नीट झालं असतं, संध्याकाळी चालत घरी गेल्या असत्या. आणि घरी गोळीचा अंमल उतरला असता, औषधांचा थोडा अंश अंगात असता, घसा लाळ गिळत नसता आणि छाती उचलत नसती." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मग आपल्या त्या सावकाश चालीने त्यांनी नवी व्यवस्था मांडली. ऑपरेशन पुढे ढकलायचं. मेंदूच्या डॉक्टरांशी बोलून आधी काही दिवस शिरेतून औषध द्यायचं, म्हणजे स्नायूंचे कान जरा उघडतील. मग सकाळचं पहिलं ऑपरेशन तिचं, कारण सकाळ तिच्या बाजूची असते. स्नायू सैल करायचं औषध शक्यतो द्यायचंच नाही. लागलंच तर चिमूटभर, आणि अंगठ्याजवळच्या नसेला बारीकसा झटका देऊन बोट किती उडतं ते बघत बघत. झोप किती खोल आहे ते बघायला कपाळावर पट्टी. आणि नंतर अतिदक्षता विभागात एक रात्र, कदाचित दोन. "उठाल तेव्हा घशात नळी असेल, असं धरून चाला," ते म्हणाले. तिने जाड्या माणसाचं वाक्य त्यांना सांगितलं, त्याच्याच मी मध्ये. डॉक्टरांनी मान हलवली. "तो माणूस कुणाला काही सांगू शकला नाही. तुम्ही आधीच सांगितलंय. फरक तेवढाच आहे, पण तो मोठा आहे." बाहेर आल्यावर नवऱ्याने पुन्हा तिचा दंड धरला. मग म्हणाला, "उशी आजच्या आज फेकून देऊ." ती म्हणाली, "उशीचा काय दोष, बिचारी पातळ आहे." आणि हे बोलताना तिला दम लागला तरी तिने तो लपवला नाही, रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर सरळ बसून घेतलं.

शिरेतून औषध घेण्याचे दिवस कंटाळवाणे होते आणि त्यांनी काम केलं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नवऱ्याने संध्याकाळी एक शिळा विनोद सांगितला आणि तिच्या ओठांची दोन्ही टोकं, जरा आळसावलेली, पण वर गेली. तो इतका खूश झाला की तोच विनोद नर्सला सांगायला गेला. ऑपरेशनच्या सकाळी भिडूचा निरोप आला, तुझी वाक्यं सांभाळतोय, पण फार दिवस नाही. थंड खोलीत दिव्याखाली तिला झोपवलं, तेव्हा डॉक्टरांचा तो लांबट चेहरा उलटा दिसत होता, आणि उलटाही तो तितकाच सावकाश होता. त्यांनी अंगठ्याला झटका दिला, बोट टुणकन उडालं, ते म्हणाले, "बघा, ऐकू येतंय त्याला." पुढचं तिला आठवत नाही.

आधी आवाज आले. कुठेतरी चाकं घरघरत होती, कुठेतरी काहीतरी ठरावीक अंतराने सुस्कारत होतं. घशात नळी होती. ते वाक्य धावत आलं, मला सांगायचं होतं की मी जागा आहे. पण पापणी उचलली गेली, अर्धी का होईना. "झालं ऑपरेशन," डॉक्टर म्हणाले. "खडे गेले. श्वास बराचसा तुम्हीच घेताय, मशीन फक्त थोडा हात देतंय. डोकं उचला बघू." तिने उचललं. ते उचललं गेलं आणि डॉक्टर ठेवा म्हणेपर्यंत वर राहिलं. हात दाबायला सांगितला, तिने दाबला. पायथ्याशी सर्जन उभे होते, त्यांनी पडद्यावरचे आकडे बघितले आणि म्हणाले, "उत्तम आहे की. काढून टाकू नळी." भूलवाल्या डॉक्टरांनीही आकडे बघितले, पण काढू म्हणाले नाहीत. ते तिच्याकडे वाकले. "आकडे हो म्हणतायत. तुम्ही सांगा. काढू?"

उत्तर तयार होतं. ते लहानपणापासून तयार होतं, अंगठा वर करायचा आणि अंगात असेल नसेल ते एकवटायचं. तिला माहीत होतं की ते जमेल. पाव तास, अर्धा तास, सगळे बघत आहेत तोवर नक्की जमेल. तिने स्वतःच्या आत उतरून बघितलं, अंधारात टाकीत हात घालून पाणी किती उरलंय ते चाचपावं तसं, आणि तळ हाताला लगेच लागला. हे तिने पूर्वी कधी बघितलंच नव्हतं असं नाही. बघून झाकण लावलं होतं. तिने पांघरुणावरचा हात उचलला, उताणा केला, आणि डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे हलवला. अजून नाही. सर्जननी घड्याळाकडे बघितलं. भूलवाले डॉक्टर म्हणाले, "बरं. मग थांबू," आणि पायाने एक स्टूल ओढून तिच्याजवळ बसले. तिने डोळे मिटले. कुणीतरी तिच्यासाठी अर्धा श्वास घेत होतं, आणि तिने तो घेऊ दिला. नळी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली, आणि पुन्हा घालावी लागली नाही.